सर्वांत हळू माणूस पुढे

कुवेतमध्ये डोंगर नाही, हे मी चाचांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ते प्लास्टर-रूममध्ये एका इजिप्शियन बाईंच्या हातावरच्या ओल्या प्लास्टरवरून तळवा फिरवत होते, कणीक मळून झाल्यावर गोळ्यावरून फिरवावा तसा. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सिस्टर, येऊन किती दिवस झाले तुला?"

"तीन महिने."

"मग तुला काय दिसणार? मला डोंगर दिसायला सहा वर्षं लागली."

आणि बाईंच्या प्लास्टरवर निळ्या पेनानं त्यांनी तारीख घातली, खाली छोटा त्रिकोण काढला. तो डोंगर. प्रत्येक प्लास्टरवर असायचा. सहा आठवड्यांनी पेशंट परत आला की करवत हातात घेऊन चाचा गंभीरपणे म्हणायचे, "चला, डोंगर फोडायचा हाय." ज्यांना हिंदी येत नसे, मराठी तर नाहीच नाही, त्यांनाही ते असं मराठीतच सांगायचे. माणसं हात पुढे करायची.

त्यांचं नाव सांगत नाही. ते गावी आहेत, त्यांना वाचायला आवडतं, आणि माझ्यावर रागवायला त्याहून आवडतं. दापोलीकडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. हॉस्पिटलात अरबांपासून आमच्या नाशिकच्या डेंटिस्टपर्यंत सगळे त्यांना चाचा म्हणत. उंची बेताची, मिशा मेंदीनं लाल, आणि चालताना अंगाला एक झोका. "तांडेलाच्या घरातला माणूस हाय मी," ते सांगत, "होडीत चालायला शिकलेला असाच चालतो." आम्ही मान डोलावायचो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ऑर्थोपेडिक वॉर्डात काम करणारी, लोकांच्या चालण्यावरून त्यांचे खुबे ओळखणारी हुशार नर्स. मी त्या वाक्यावर दहा वर्षं मान डोलावली.

तर त्यांचा डोंगर. कुवेत शहराच्या उत्तरेला, जहराच्या पुढे, मुतला नावाचा एक उंचवटा आहे. (नवीन आलेल्या मराठी मंडळींनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं की ती आधी एकमेकांकडे बघतात, मग हसायचं की नाही ते ठरवतात. हसून घ्या, आम्हीही हसलो होतो.) पर्वती रोज चढणाऱ्या माणसाला ती चढण चढल्याचं कळणारही नाही. पण त्या सपाट देशात तेवढंच काय ते उंच. हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी, पहाटेची नमाज आटपली की चाचा रिग्गईतल्या आपल्या खोलीवरून निघत आणि आम्हाला गोळा करत. त्यांची जुनी पांढरी गाडी, मागे डेंटिस्टची गाडी, मिळून नऊ-दहा माणसं. आमचे हे कधी आले नाहीत. शुक्रवार झोपण्यासाठी असतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी निष्ठेनं पाळलं.

चाचांच्या गाडीच्या टपावर लाल रंगाची स्कीची जोडी बांधलेली असे. त्या जोडीची गोष्ट अशी की एक तरुण कुवेती बर्फावरून पडून, नडगीची हाडं मोडून आला होता. इथले श्रीमंत लोक थंडीत लेबनॉनला, युरोपला बर्फात खेळायला जातात आणि जानेवारीत आमच्याकडे येतात. वॉर्डात आम्ही त्याला बर्फाचा सीझनच म्हणायचो. प्लास्टर काढायला आला त्या दिवशी त्यानं गाडीतून स्की काढल्या, प्लास्टर-रूमच्या भिंतीला टेकवल्या, कानाला हात लावले आणि निघून गेला. चाचांनी त्या खोलीवर नेल्या. पलंगाच्या बाजूला ठेवल्या. पहिल्यांदा मी त्या बघितल्या तेव्हा त्यांच्यावर लुंग्या वाळत होत्या.

जहरा रस्त्यावर एकदा पोलिसानं अडवलं. टपाकडे बोट करून विचारलं, हे काय? चाचांनी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, "थल्ज." म्हणजे बर्फ, त्यासाठीचं सामान असं त्यांना म्हणायचं होतं. पोलिसानं चारी बाजूंच्या वाळवंटाकडे सावकाश बघून घेतलं. "वेन थल्ज?" कुठाय बर्फ?

चाचा म्हणाले, "इन्शाल्ला."

पोलिसानं सोडलं. काय करणार बिचारा?

चाचांनी बर्फ कधीच बघितला नव्हता. पण त्यांना बर्फ माहीत होता तो हाडांमुळे. कुठलं हाड कुठे आणि कसं मोडलंय यावरून तो माणूस कसा पडला ते त्यांना कळत असे. एक्स-रे उजेडावर धरून सांगायचे, "हा मागं रेलला." "ही भिऊन मधेच थांबायला बघत होती." "याचा अंगठा गेला, म्हणजे पडताना यानं काठी सोडली नाय." पेशंटला विचारलं की तो तोंड वासून हो म्हणायचा. अशी पंधरा-वीस वर्षं त्यांनी लोकांच्या पडण्याचा अभ्यास केला होता आणि त्यावरून उभं कसं राहायचं याचा अंदाज बांधला होता. सगळं जग आधी तोल सांभाळायला शिकवतं. चाचा आधी पडायला शिकवत. मुतल्याच्या वाळूच्या उतारावर आम्हाला ओळीनं उभं करून, "कुशीवर! हात पुढं नाय टाकायचा! हात पुढं आला की मनगट माझ्या टेबलावर आलं. काठी सोड, डेंटिस्ट! हातातलं सोड आधी!" प्रत्येकानं दहा वेळा नीट पडून दाखवल्याशिवाय स्की पायाला लागत नसत. डेंटिस्टची बायको इतकी सुंदर पडायची की चाचांनी तिला दुसऱ्याच आठवड्यात सूट दिली. मला सहा शुक्रवार लागले. मी साताऱ्याची, अजिंक्यतारा शाळेच्या वयात पळत चढलेली. पडणं मला कमीपणाचं वाटायचं. माझ्या मानेचा ताठा हा मणक्याचा आजार आहे, असं चाचा म्हणायचे.

खरं भांडण मात्र पडण्यावरून नव्हतं. ते होतं रांगेवरून.

टेकडीवर जाताना एकामागे एक चालायचं, आणि सर्वांत हळू माणूस पुढे. चाचांचा हा कायदा. "पुढचा पळाला तर मागचा मरतो. हळू माणूस पुढं ठेवला की कोणीच मागं राहत नाय." कायदा शहाणपणाचा होता, मला मान्य होता. मान्य नव्हतं ते एवढंच, की पहिल्याच शुक्रवारी सगळ्यांवरून नजर फिरवून त्यांनी बोट केलं माझ्याकडे.

"मी?"

"तू."

"चाचा, यात माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी माणसं आहेत. डेंटिस्टला दमा आहे."

"सिस्टर, तू पुढं. ही क्रेपची गुंडाळी घे. पुढच्यानं बँडेज बाळगायचं."

आणि स्वतः सर्वांत शेवटी. मी अशी काही चिडले म्हणून सांगू! वीस पावलं टाकायची, गर्रकन मागे वळायचं आणि रांगेच्या टोकाला झुलत येणाऱ्या त्या लाल मिशांकडे डोळे वटारून बघायचं. ते हात हलवायचे. पुन्हा वीस पावलं, पुन्हा डोळे. वरती पोचल्यावर थर्मासातला आल्याचा चहा आणि तांदळाच्या भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी निघायची, आणि पहिला पेला पुढच्याला, म्हणजे मला. तो मी अपमान गिळावा तसा गिळायची. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. दहा हिवाळे. मी वजन कमी केलं, महागडे बूट घेतले, सलव्यात संध्याकाळी समुद्राच्या कडेनं धापा टाकत फेऱ्या मारल्या, की आता तरी हा माणूस मला मधे कुठेतरी घेईल. नाही. "सिस्टर, पुढं."

मग चाचांची रिटायरमेंट आली. मार्चअखेर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपणार आणि ते देश सोडून गावी जाणार. निरोपाला काय द्यायचं यावर वॉर्डात घड्याळापासून ब्लँकेटपर्यंत चर्चा झाली. मी सरळ प्लास्टर-रूममध्ये गेले आणि विचारलं, "चाचा, काय पाहिजे?"

ते प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवत होते. बुडबुडे थांबल्यावर ती पिळत म्हणाले, "एक दिवस बर्फावर उभं राहायचं होतं, गो. हाडं सांगतात ते खरं का खोटं, तेवढंच बघायचं होतं." मग घाईघाईनं म्हणाले, "नायतर ब्लँकेट द्या."

फेब्रुवारीच्या सुट्ट्यांत आम्ही जॉर्जियाला गेलो. कुवेतहून थोड्या तासांचं विमान, आखाताचा इकामा असला की व्हिसाची कटकट नाही. आता तर निम्मं कुवेत तिकडे जातं. तिबिलिसीहून सकाळी बस निघते, दोन-तीन तासांत बर्फाच्या डोंगरावर, संध्याकाळी परत. एका दिवसाचा खेळ. आम्ही नऊ जण. चाचांनी आपल्या लाल स्की बरोबर आणायचा हट्ट धरला होता. विमानतळावर डेंटिस्टनं तो मोडून काढला. तिथे भाड्यानं मिळतात, असं सांगून.

आता माझी वेशभूषा ऐका. फहाहीलच्या बाजारातून मी एक बर्फाचा सूट आणला होता. गुलाबी. म्हणजे अगदी बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या सरबताचा गुलाबी. वर त्याच रंगाची लोकरी टोपी, तिला गोंडा. वय शेहेचाळीस. वॉर्डात सगळ्यांना सांगून आले होते, फोटो बघाल तर ओळखणार नाही. ते मात्र खरं ठरलं.

बसमधून उतरलो. एवढं पांढरं मी वॉर्डाबाहेर कधी बघितलं नव्हतं. चाचा पायरीवरच थांबले. ड्रायव्हर काहीतरी ओरडला तेव्हा उतरले, वाकले, बर्फ चिमटीत घेतला आणि मीठ चाखावं तसा जिभेवर ठेवला. गाइड सांगत होता, चार वाजता बस सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. शिकाऊ लोकांसाठी भाड्याच्या दुकानापलीकडे एक सौम्य उतार होता, त्याच्या माथ्यावर पिवळा खांब. चाचा त्या खांबाकडे बघत म्हणाले, "तिथवर जाऊ. तिथून बघू खाली. सिस्टर, पुढं."

आणि मी पुढे झाले. दहा वर्षांत पहिल्यांदाच आनंदानं, कारण पुढे असलं की फोटोत सूट नीट येतो. वीस पावलं झाली, चाळीस झाली, शंभर झाली. मी मागे वळले नाही. वर पोचले, भाड्याच्या स्की बांधल्या, मुतल्यावर शिकलेलं सगळं आठवलं आणि निघाले. कुवेतच्या वाळूवर स्की चिकटते. बर्फावर ती चिकटत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या उतारावर मला कळलं की मी किंचाळते आहे. मग हात आपोआप सुटले, काठ्या दोन दिशांना गेल्या आणि मी कुशीवर पडले. हात पुढे टाकला नाही. मनगट शाबूत, अंगठा शाबूत. टोपीत बर्फ गेला तेवढाच.

तशीच बसून मी वर बघितलं. चाचा मला नीट पडताना बघून हात हलवत असतील म्हणून. डेंटिस्ट होता, त्याची बायको होती, बाकीचे होते. रांगेचं टोक मात्र रिकामं होतं.

"चाचा कुठेत?"

"मागे होते की!" डेंटिस्ट ओरडला. आणि मग आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कारण मागे कोण आहे हे बघायची आमच्यात पद्धत नव्हती. ते काम माझं होतं.

घड्याळात पावणेतीन. चहाच्या दुकानात नाहीत, बसमध्ये नाहीत.  साठीचा माणूस, बर्फ, आणि मी गुलाबी कपडे घालून मजा करतेय. शेवटी भाड्याच्या दुकानामागे, बाटल्यांच्या क्रेटवर बसलेले सापडले. डावा बूट काढलेला. तो उपडा धरून ते त्यातून पांढरा चिखल झटकत होते.

मी तो चिखल ओळखला. आयुष्य त्यात गेलं होतं. प्लास्टर.

"हे काय आहे?"

"काय नाय. जा तू, खेळ."

मी त्यांच्यासमोर बसले आणि दोन्ही टाचा धरून शेजारी शेजारी लावल्या. डावा पाय इंचभर आखूड. मग त्यांना सांगावंच लागलं: लहानपणी झाडावरून पडून मोडलेला, गावातल्या कुणीतरी बांधलेला, तसाच वाकडा जुळलेला. ते दर आठवड्याला प्लास्टर आणि कापसाची नवी टाच घडवून बुटात घालायचे. हॉस्पिटलची फरशी कोरडी, मुतल्याची वाळू कोरडी. तीस वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. इथे बुटात बर्फ शिरला, विरघळला, आणि टाचेची पेज झाली.

"बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, हे लक्षातच आलं नाय गो," चाचा म्हणाले. "एवढी हाडं बघितली. एकानं तरी सांगावं की नाय?"

मला हसू आलं. म्हटलं, "म्हणजे सर्वांत हळू तुम्ही होता. पहिल्या दिवसापासून."

"हो."

"मग मला का पुढे काढलंत? दहा वर्षं?"

"तू हळू? तू वारा हायस! पण रागीट. दर वीस पावलांवर मला डोळे दाखवायला मागं बघायचीस. बाकी कोण बघतंय मागं? मी बसलो असतो, पडलो असतो, तर वीस पावलांत कुणालातरी कळलं असतं." बूट त्यांनी बर्फावर आपटला. "आज नवा सूट घातलास. नाय बघितलंस."

 दहा वर्षं मी ज्याला अपमान समजत होते ती ड्यूटी होती. आणि ज्या एका दिवशी तिची गरज पडली, त्या दिवशी मी फोटो काढून घेत होते.

खिशात क्रेप बँडेजची गुंडाळी होती. पुढच्यानं बाळगायचीच असते. मी ती घट्ट चौकोनी दुमडली, चाचांच्या बुटात टाचेखाली बसवली. कमी पडली. डोक्यावरची गुलाबी टोपी काढली, गोंडा दातानं तोडला, आणि टोपीची घडी तिच्यावर ठेवली. बूट घालून चाचा उभे राहिले. सरळ. झोका न घेता.

"झकास बसलंय," ते म्हणाले. "तू माझ्या रूममध्ये पाहिजे होतीस."

"चला. खांबापर्यंत. आज तुम्ही पुढे."

"नाय."

"कायदा तुमचाच आहे."

"कायदा तुमच्यासाठी हाय." ते बसायला लागले. मला कळत होतं. पुढे व्हायचं म्हणजे आठ माणसांसमोर कबूल करायचं. होडीची गोष्ट, तांडेलाचं घर, सगळं. त्यांनी बर्फाकडे बघितलं, पिवळ्या खांबाकडे बघितलं. सव्वातीन होत आले होते आणि हा त्यांचा एकुलता एक दिवस होता.

"चाचा," मी म्हटलं, "पडताना हातातलं सोडायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता थोबाडीत बसते. मग दुकानाला वळसा घालून ते बाहेर गेले आणि उतारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ओळीनं या! आज मी पुढं!"

 डेंटिस्ट भाड्याची स्की टाकून खाली आला आणि रांगेत उभा राहिला. मी सर्वांत मागे गेले. आम्ही नऊ जण त्या पोरांच्या उतारावर चाचांच्या चालीनं चढायला लागलो. शेजारून पाच वर्षांची पोरं सरसरत खाली जात होती आणि आमच्याकडे वरातीकडे बघावं तसं बघत होती. दर वीस पावलांवर चाचा थांबायचे, मागे वळायचे आणि माझ्याकडे डोळे वटारायचे. मी हात हलवायची.

खांबाशी पोचल्यावर त्यांनी खांबाला हात लावला. खाली सगळी दरी पसरली होती. डेंटिस्टनं स्की पुढे केल्या. त्यांनी मानेनं नको म्हटलं. काठ्या मात्र हातात घेतल्या, दोन पावलं पुढे गेले, काठ्या दोन बाजूंना टाकल्या, आणि कुशीवर पडले. इतकं नेमकं, इतकं सावकाश की डेंटिस्टच्या बायकोनं टाळी वाजवली. आम्ही वाट बघत राहिलो. ते उठेनात. मी धावले, तर मिशांना बर्फ लागलेला आणि डोळे मिटलेले.

"चाचा?"

"गप," ते म्हणाले. "ऐकू दे जरा." मग डोळे उघडून म्हणाले, "हाडं खरं बोलत होती."

चार वाजता बस सुटली. परत येताना त्यांनी टोपी परत दिली नाही. मीही मागितली नाही.

आता मीही नोकरी आटपून साताऱ्याला परतलेय, मुलाकडे सलव्याला फक्त हिवाळ्यापुरती येते. मुतल्याच्या पलीकडे नवी घरं झाली आहेत, पण उतार आहे तसा आहे, आणि शुक्रवारीही माणसं झोपतातच. मी नऊ वर्षांच्या नातीला, तिच्या दोन मैत्रिणींना आणि त्यांच्या आयांना घेऊन जाते. मुलाच्या गाडीच्या टपावर लाल स्की असतात. चाचांनी जाताना माझ्याकडे ठेवल्या. परवा निघायच्या आधी त्यांना गावी फोन लावला. हालहवाल झाली, आंब्याला मोहोर कसा आहे ते झालं, आणि मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"पुढं कोण हाय?"

"नात."

"रागीट हाय?"

"माझ्यावर गेलीय."

"मग चल. भिऊ नको."

माझा उजवा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतो. घरात कुणाला सांगितलेलं नाही. साताऱ्याची माणसं अशीच चालतात, असं मी सूनबाईला सांगून ठेवलंय. पायथ्याशी आम्ही ओळीनं उभ्या राहिलो. मी सगळ्यांवरून नजर फिरवली, नातीकडे बोट केलं आणि क्रेपची गुंडाळी तिच्या हातात दिली.

"आज्जी, मी? आय ॲम द फास्टेस्ट!"

"सर्वांत हळू माणूस पुढे. चल."

पाय आपटत ती निघाली. वीस पावलं झाली आणि गर्रकन मागे वळून तिनं माझ्याकडे असे डोळे वटारले, की मी रांगेच्या टोकाला निवांत उभी राहिले, गुडघा चोळला, आणि तिला हात केला.